अठ्ठावीस चिंचोके: कार्बनच्या बाजारावरचा वाद कसा समजून घ्यावा

मुलुंडच्या आमच्या अभ्यासमंडळात तीन वर्षांपूर्वी ‘हरितगृह वायू रोखण्यासाठी बाजार हवा की कायदा’ या विषयावर चर्चा ठेवली होती. एका बाजूने सांगितले की बाजार आला म्हणजे श्रीमंतांची सोय आणि गरिबांची लूट. दुसऱ्या बाजूने सांगितले की नियम आले म्हणजे इन्स्पेक्टर आला आणि इन्स्पेक्टर आला म्हणजे पाकीट आले. सगळे तळमळीने बोलले, पण घरी परतताना लक्षात आले की दोन तासांत ‘टन’ हा शब्द एकदाही कोणाच्या तोंडून निघाला नव्हता. किती वायू कमी होणार, तो कोण मोजणार, खर्च कोणाच्या खिशातून जाणार आणि जमणारा पैसा कोणाकडे राहणार, हे चार प्रश्न बाजूलाच पडले होते. त्यानंतर हाच विषय आम्ही महाविद्यालयातील मुलांबरोबर, शिक्षकांबरोबर आणि सोसायटीतल्या ज्येष्ठांबरोबर पुन्हा पुन्हा घेतला आणि हळूहळू एक रीत बसत गेली. ज्यांना आपल्या वाचनालयात, महाविद्यालयात किंवा गृहनिर्माण संस्थेत हा वाद नीट घडवून आणायचा आहे, त्यांच्यासाठी ती इथे लिहीत आहे. भारतात कार्बनचा बाजार, म्हणजे वायू सोडण्याच्या किंवा कमी करण्याच्या हक्कांची खरेदी-विक्री, आता कागदावरून प्रत्यक्षात उतरू लागला आहे आणि त्याविषयी मत बनवण्याचे काम फक्त अर्थतज्ज्ञांवर सोडून चालणार नाही.

साहित्य फारसे लागत नाही. सोळा ते वीस माणसे, साधारण तीन तास, साठेक चिंचोके, कोऱ्या चिठ्ठ्या आणि प्रत्येकाने घरून आणलेले मागच्या महिन्याचे विजेचे बिल एवढे पुरते. बिल आणण्याची आठवण आदल्या दिवशी जरूर करावी, कारण सुरुवात तिथूनच करायची आहे.

आधी बिल, मग तत्त्व

मुंबईत बिले वेगवेगळ्या रंगांची येतात. शहरात बेस्टचे, उपनगरांत अदानी किंवा टाटाचे, आमच्या मुलुंड-भांडुपकडे महावितरणचे. प्रत्येकाने आपल्या बिलावर इंधन समायोजन आकाराची ओळ शोधून त्यावर बोट ठेवावे. कोळसा किंवा वायू महागला की तो फरक ग्राहकापर्यंत ज्या वाटेने येतो, ती ही वाट आहे. उद्या कार्बनला किंमत लागली, तर तीही अशाच एखाद्या ओळीतून आपल्या घरात येईल, हे डोळ्यांनी पाहिल्यावर चर्चेला वेगळेच गांभीर्य येते.

आता फळ्यावर एक साधा हिशोब मांडावा. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रात एक युनिट वीज तयार करायला साधारण ७०० ग्रॅम कोळसा जळतो आणि त्यातून जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भारत सरकारने २०१० मध्ये कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जा उपकर लावला आणि तो वाढवत २०१६ मध्ये ४०० रुपयांवर नेला. टनामागे ४०० रुपये म्हणजे किलोला ४० पैसे, आणि ७०० ग्रॅमला २८ पैसे. महिना ३०० युनिट वापरणाऱ्या घराने, सगळी वीज कोळशाची धरली तर, या उपकरापोटी ८४ रुपये मोजले असे होते. (मुंबईच्या विजेत खोपोली, भिवपुरी आणि भिरा येथील जलविद्युतही असते, म्हणून प्रत्यक्ष आकडा त्याहून कमी धरावा.) एक टन कोळशातून सुमारे दीड टन कार्बन डायऑक्साइड निघतो असे मानले, तर कार्बनच्या टनाला आपण जवळजवळ २७० रुपये भाव लावला होता.

त्याच फळ्यावर पेट्रोलचा हिशोब लिहावा. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मे २०२२ ते एप्रिल २०२५ या काळात पेट्रोलवर केंद्राचे उत्पादन शुल्क लिटरमागे १९ रुपये ९० पैसे होते. म्हणजे कार्बनच्या टनामागे साडेआठ हजार रुपयांहून अधिक, आणि राज्याचा कर त्याहून वेगळा. आमच्या एका बैठकीत हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर बँकेतून निवृत्त झालेले एक काका म्हणाले, “म्हणजे किंमत आधीपासून आहेच, ती फक्त वाकडी आहे.” त्यांच्या या एका वाक्याने चर्चेचा निम्मा रस्ता सोपा केला. पेट्रोलवरचे शुल्क हवामानासाठी लावलेले नाही, रस्ते आणि सरकारी तिजोरी यांसाठी लावलेले आहे, हे अर्थातच सांगावे. तरीही ‘कार्बनला किंमत असावी का’ हा प्रश्न मग ‘आज असलेली किंमत इतकी असमान का’ असा बदलतो, आणि त्यावर बोलणे अधिक फलदायी ठरते.

त्या उपकराचे पुढे काय झाले, हेही इथेच सांगून टाकावे. जमलेल्या रकमेचा मोठा भाग स्वच्छ ऊर्जेच्या निधीपर्यंत पोहोचला नाही. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा उपकराचे रूपांतर राज्यांना द्यायच्या भरपाईत झाले, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो रद्द होऊन त्याऐवजी कोळशावरचा वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला. वरवर पाहता हा केवळ नावाचा बदल वाटतो, परंतु उपकर टनावर होता आणि नवा कर किमतीवर आहे. त्यामुळे हलक्या प्रतीचा, स्वस्त कोळसा जाळणाऱ्यावरचा भार प्रत्येक टनामागे कमी पडतो. कर कशावर मोजला जातो ते पाहण्याची सवय सहभागी मंडळींना इथूनच लावावी.

चिंचोक्यांचा खेळ

यानंतरचा तासभर व्याख्यान देऊ नये, खेळ खेळावा. चार गट करावेत आणि त्यांना कागद, सिमेंट, रसायन आणि पोलाद अशी नावे द्यावीत. प्रत्येक कारखाना वर्षाला १० टन वायू सोडतो आणि खर्च केला तर जास्तीत जास्त ६ टन कमी करू शकतो, असे सांगावे. कमी करण्याचा खर्च मात्र प्रत्येकाचा वेगळा असतो आणि तो फक्त त्या गटाच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो: कागदाला टनामागे २०० रुपये, सिमेंटला ५००, रसायनाला ९०० आणि पोलादाला १५००. आकडे खेळापुरते आहेत, पण खर्चातली तफावत खऱ्या जगातही अशीच मोठी असते.

पहिल्या फेरीत सरकार हुकूम काढते की एकूण ४० टनांचे २८ टन झाले पाहिजेत आणि त्यासाठी प्रत्येकाने ३ टन कमी करावेत. चारही गट आपापला खर्च सांगतात: ६००, १५००, २७०० आणि ४५००. बेरीज ९,३०० रुपये. दुसऱ्या फेरीत हुकूम नाही. प्रत्येक गटाला ७ चिंचोके द्यावेत, एक चिंचोका म्हणजे एक टन वायू सोडण्याचा परवाना, आणि वर्षअखेर जितके टन सोडले तितके चिंचोके जमा करावेत एवढाच नियम ठेवावा. मग दहा मिनिटे मोकळी सोडावीत. खोलीत जो गलका होतो तो ऐकण्यासारखा असतो. कागदवाले लवकरच ओळखतात की आपल्याला कपात स्वस्त पडते, म्हणून सगळे ६ टन कमी करून ३ चिंचोके विकावेत. पोलादवाले १५०० रुपये खर्चण्याऐवजी चिंचोका शोधत फिरतात. आणि घासाघीस होता होता भाव ५०० आणि ९०० यांच्या मध्ये कुठेतरी येऊन थांबतो. शेवटी कागद आणि सिमेंट यांनी प्रत्येकी ६ टन कमी केलेले असतात, हवेत २८ टनच गेलेले असतात आणि कपातीचा एकूण खर्च ४,२०० रुपये झालेला असतो. तेवढीच हवा निम्म्याहून कमी खर्चात स्वच्छ झाली, ही बाजाराच्या बाजूची सगळ्यात भक्कम गोष्ट आहे आणि ती विरोधकांनीही आधी मान्य करावी, मग पुढे बोलावे.

तिसऱ्या फेरीत चिंचोके काढून घ्यावेत आणि टनामागे ७०० रुपये कर जाहीर करावा. कागद आणि सिमेंट पुन्हा ६ टन कमी करतात, कारण त्यांना कर भरण्यापेक्षा कपात स्वस्त आहे. इतर दोघे कर भरतात. हवेत पुन्हा २८ टनच जातात. मात्र सरकारच्या टोपलीत २८ गुणिले ७००, म्हणजे १९,६०० रुपये जमा झालेले असतात. या आकड्यावर थांबावे. कपातीचा खर्च ४,२०० आणि कराची रक्कम त्याच्या चौपटीहून जास्त. दुसऱ्या फेरीत चिंचोके फुकट वाटले होते, म्हणजे एवढ्याच मोलाची मालमत्ता आपण कारखान्यांना न बोलता देऊन टाकली होती. लिलाव केला असता तर ती सरकारकडे आली असती. ‘कर की बाजार’ या नावाने जगभर चाललेल्या भांडणाचा बराच भाग खरे तर या १९,६०० रुपयांसाठी चाललेला असतो, असे माझे मत आहे. युरोपात पहिल्या टप्प्यात परवाने जवळजवळ सगळे फुकट वाटले गेले, तरी अनेक वीज कंपन्यांनी त्यांची बाजारातली किंमत ग्राहकांच्या दरात धरली आणि अनायासे नफा मिळवला.

मग एक चिठ्ठी गुपचूप बदलावी. कागदाचा खर्च २०० नसून ८०० निघाला, असे त्या गटालाच सांगावे. करवाल्या फेरीत आता ७०० रुपये कर भरणे कागदाला परवडते, फक्त सिमेंट कपात करते आणि हवेत ३४ टन जातात. चिंचोक्यांच्या फेरीत हवेत २८ टनच राहतात, पण भाव ८०० च्या वर चढतो. अर्थतज्ज्ञ मार्टिन वाइट्समन यांनी १९७४ मध्ये मांडलेला मुद्दा तो हाच: कर लावला की भाव पक्का राहतो आणि टन हलतात, मर्यादा घातली की टन पक्के राहतात आणि भाव हलतो. यातली कोणती चूक आपल्याला जास्त महाग पडेल, हे विचारावे आणि उत्तर लगेच मागू नये.

यानंतर प्रत्येकाला ११ चिंचोके द्यावेत. एकूण ४४ परवाने आणि ४० टन वायू. कोणीच विकत घेत नाही, भाव शून्यावर येतो आणि कोणी एक टनही कमी करत नाही. मुले हसतात, तेव्हा सांगावे की युरोपीय संघाने २००५ मध्ये बाजार सुरू केला तेव्हा नेमके हेच घडले आणि २००७ मध्ये परवान्याचा भाव जवळजवळ शून्यावर आला. तोच बाजार पुढे लिलाव, घटती मर्यादा आणि २०१९ पासून जादा परवाने बाजूला ठेवणारी राखीव व्यवस्था यांमुळे सावरला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये भाव टनाला १०० युरोंच्या पुढे गेला. यंत्र तेच होते, फक्त चिंचोक्यांची संख्या बदलली होती.

शेवटची फेरी भारतासाठी आहे आणि ती टाळू नये. आता परवाने टनांवर न देता उत्पादनावर द्यावेत: प्रत्येक नगामागे ०.७ टन. प्रत्येक कारखाना १० नग बनवतो तोवर हिशोब पूर्वीसारखाच, २८ टन. मग जाहीर करावे की मागणी वाढली आणि सगळ्यांनी उत्पादन दुप्पट केले. प्रत्येकाला १४ चिंचोके मिळतात, सगळे नियम पाळले जातात, सगळे लक्ष्य गाठतात, आणि हवेत ५६ टन जातात, म्हणजे सुरुवातीच्या ४० टनांपेक्षाही जास्त. खोलीत इथे शांतता पसरते, असा माझा अनुभव आहे.

मुंबईकराला हे नवे नाही

‘हक्क कागदावर आणून विकणे’ ही कल्पना परकी वाटणाऱ्यांना एफएसआय आणि टीडीआर आठवून द्यावेत. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने मुंबईत नेमका असाच बाजार तयार केला. भूखंडावर किती बांधायचे याची मर्यादा म्हणजे एफएसआय. आणि रस्त्यासाठी, उद्यानासाठी किंवा झोपडपट्टी पुनर्वसनासाठी जमीन दिली की हाती येणारा, दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा हक्क म्हणजे टीडीआर. पालिकेला रोख न मोजता जमिनी मिळाल्या, हा त्याचा गुण. शहर भागात तो वापरायला मनाई असल्याने सगळे जादा बांधकाम उपनगरांत येऊन उतरले, हा त्याचा भार. मुलुंड, बोरिवली, कांदिवली इथल्या अरुंद रस्त्यांवर उभे राहणारे मजले पाहिलेल्या माणसाला ‘हक्क कुठे निर्माण होतो आणि कुठे वापरला जातो’ हा प्रश्न शिकवावा लागत नाही.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट हाती लागते, आणि माझ्या दृष्टीने ती अधिक महत्त्वाची आहे. एफएसआयची मर्यादा वेळोवेळी सैल होत गेली. २०१२ मध्ये अधिमूल्य भरून ३५ टक्के ‘फंजिबल’, म्हणजे जादा, एफएसआय घेण्याची सोय झाली, आणि त्याआधी-नंतर वेगवेगळ्या योजनांखाली वाढीव एफएसआय मिळतच राहिला. बांधकामाच्या बाबतीत त्याची कारणे असतील. पण पैसे भरले की वर सरकणारी मर्यादा कार्बनच्या बाजारात आली, तर भाव, लिलाव आणि खरेदी-विक्री सगळे सुरळीत चालेल आणि हवेत मात्र काहीच बदलणार नाही.

मोजणारा कोणाचा माणूस आहे, ते पाहावे

एका बैठकीच्या शेवटी चिंचोके मोजले तेव्हा २८ ऐवजी ३१ भरले. एका मुलाने घरून स्वतःचे तीन आणले होते. त्याचा हेतू गमतीचा होता, पण त्या तीन चिंचोक्यांनी त्या दिवशीच्या सगळ्या फेऱ्यांचे उत्तर चुकवले होते. तेव्हापासून आम्ही चिंचोक्यांवर लाल रंगाचा ठिपका देतो आणि एकाला नोंदवहीवाला नेमतो.

खऱ्या कारखान्यांत हा प्रश्न किती खोल आहे, हे गुजरातच्या अनुभवावरून सांगता येते. तिथे कारखान्यांची पर्यावरण तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकांना पैसे कारखानाच देत असे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही कारखान्यांसाठी लेखापरीक्षक चिठ्ठ्या टाकून नेमले, त्यांचे मानधन मध्यवर्ती निधीतून दिले आणि त्यांच्या नोंदींची फेरतपासणी केली, तेव्हा अहवाल खरे येऊ लागले आणि कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. पुढे २०१९ मध्ये सुरतेत गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने धूलिकणांच्या उत्सर्जनाचा बाजार सुरू केला. तीनशेहून अधिक कारखान्यांच्या धुराड्यांवर सतत मोजमाप करणारी यंत्रे बसली. अभ्यासकांनी केलेल्या तुलनेत बाजारात सामील झालेल्या कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्के कमी आढळले आणि कपातीचा खर्चही घटला. मुंबईहून रेल्वेने चार-पाच तासांवर असलेल्या शहरातले हे उदाहरण युरोपच्या कोणत्याही दाखल्यापेक्षा आपल्याला जवळचे आहे. त्यातले यश बाजाराचे किती आणि यंत्रांचे व देखरेखीचे किती, यावर गटांना जरूर वाद घालू द्यावा.

मोजमाप ढिले असले की काय होते, याचा दाखला क्योटो या हवामान कराराखालच्या स्वच्छ विकास यंत्रणेतून, म्हणजे विकसनशील देशांतल्या कपातीची क्रेडिटे श्रीमंत देशांना विकण्याच्या व्यवस्थेतून, मिळतो. शीतकरणाचा एक वायू बनवताना एचएफसी-२३ नावाचा उपवायू निघतो आणि त्याचा एक टन कार्बन डायऑक्साइडच्या ११,७०० टनांइतका धरला जात असे. तो जाळून टाकणे स्वस्त आणि त्याबद्दल मिळणारी क्रेडिटे मोलाची, त्यामुळे मूळ वायू गरजेपेक्षा जास्त बनवण्याचाच मोह निर्माण झाला. भारत आणि चीन दोन्हीकडे असे प्रकल्प होते. २०१३ पासून युरोपने ही क्रेडिटे आपल्या बाजारात घेणे बंद केले. कोणी ‘ऑफसेट’, म्हणजे दुसरीकडच्या कपातीचे क्रेडिट, विकत घेऊन आपण कार्बनमुक्त झालो असे सांगितले, तर ‘हे पैसे दिले नसते तर काय झाले असते’ हा एकच प्रश्न विचारावा आणि उत्तर पुराव्यासह मागावे.

आक्षेप ऐकण्याची रीत

सगळे आक्षेप एका माळेत ओवू नयेत. पैसे भरून प्रदूषणाचा हक्क घेणे अनैतिक आहे, हा आक्षेप तत्त्वाचा आहे. अमेरिकी तत्त्वज्ञ मायकेल सँडेल यांनी १९९७ मध्ये तो दंड आणि शुल्क यांतला फरक दाखवून मांडला: दंडाला लाज चिकटलेली असते, शुल्काला नसते. आपल्याकडे दक्षिणा देऊन प्रायश्चित्त उरकण्याविषयी संतांनी जे सुनावले आहे, त्याच जातीचा हा विचार आहे. त्याला आदराने उत्तर द्यावे. उत्तर असे की आज तो हक्क फुकट आहे. कोळसा जाळणाऱ्याला ना दंड बसतो ना लाज वाटते, आणि सगळ्यांनी एका दिवसात थांबावे असा कायदा कोणताही देश करणार नाही. मला स्वतःला हे उत्तर पटते, पण ते पूर्ण समाधान करत नाही, हेही मी लपवत नाही.

दुसरा आक्षेप जागेचा आहे आणि तो मुंबईतल्या माहुलला जाऊन पाहावा. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने, जवळच ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र, आणि तिथेच प्रकल्पग्रस्तांसाठी बांधलेल्या इमारती. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माहुलमधल्या हवेची दखल घेऊन तिथे राहू न इच्छिणाऱ्या कुटुंबांना महिना १५ हजार रुपये भाडे देण्याचे निर्देश दिले होते. कार्बन डायऑक्साइडचा टन माहुलमध्ये कमी झाला काय किंवा चंद्रपुरात, पृथ्वीच्या तापमानाला फरक पडत नाही. परंतु त्याच धुराड्यातून निघणारी राख, गंधकाचे वायू आणि इतर द्रव्ये जवळच्या माणसांच्या फुप्फुसांत जातात, आणि परवाना विकत घेऊन तो कारखाना पूर्वीसारखाच चालत राहिला तर त्या माणसांना कागदावरच्या कपातीचा काही उपयोग नसतो. कॅलिफोर्नियात २०१३ मध्ये सुरू झालेल्या बाजाराविरुद्ध गरीब वस्त्यांतील संघटनांनी हाच मुद्दा लावून धरला. म्हणून कार्बनचा बाजार आला तरी स्थानिक हवेचे कायदे त्याच्या बदल्यात कधीही सैल करू नयेत. या एका मुद्द्यावर मी तडजोड करणार नाही.

तिसरा आक्षेप परिणामाचा: किमतीने फारसे काही साधत नाही, खरे काम नियम आणि गुंतवणूक करतात. याला चांगला आधार आहे. मुंबईच्या टॅक्सी सीएनजीवर आल्या त्या न्यायालयाच्या आदेशाने. एलईडी दिवे स्वस्त झाले ते सरकारने घाऊक खरेदी केल्यामुळे. सौर विजेचा भाव राजस्थानातील भडला येथे २०१७ मध्ये युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला तो लिलावात. तोही बाजारच, मात्र प्रदूषणाचा नव्हे. बाजारवाल्यांचा आवडता दाखला अमेरिकेतील आम्लवर्षेचा. १९९० च्या कायद्याने गंधकाच्या वायूचे परवाने आणले, १९९५ पासून ते लागू झाले आणि घट अपेक्षेपेक्षा स्वस्तात झाली. पण त्याच सुमारास रेल्वेचे दर उतरल्याने पश्चिमेकडचा कमी गंधकाचा कोळसा स्वस्त झाला होता, हे त्यासोबत सांगितले नाही तर दाखला अर्धवट राहतो.

चौथा आक्षेप खिशाचा. त्यावर थोडक्यात एवढे सांगावे की ऑस्ट्रेलियाने २०१२ मध्ये लावलेली किंमत २०१४ मध्ये मागे घेतली, फ्रान्समध्ये २०१८ साली इंधनावरच्या करवाढीविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले, आणि कॅनडाने सामान्य ग्राहकांवरचा कार्बन आकार एप्रिल २०२५ पासून थांबवला, जरी त्यातला मोठा भाग कुटुंबांना परत मिळत होता. स्वीडनमध्ये मात्र १९९१ पासून कर टिकून आहे. पैसे परत मिळतात हे लोकांना दिसले पाहिजे. आपल्याकडे गॅसचे अनुदान थेट खात्यात जमा होते, तेव्हा वाट नाही असे म्हणता येत नाही.

आपल्या योजनेला विचारायचे प्रश्न

ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, जून २०२३ मध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ॲल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली (कॉस्टिक सोडा व क्लोरीन) आणि कागद या उद्योगांतील कारखान्यांना उत्सर्जन तीव्रतेची लक्ष्ये मिळाली. एक प्रमाणपत्र म्हणजे लक्ष्यापेक्षा जास्त कमी केलेला एक टन. कारभार ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे, व्यापाराचे नियमन केंद्रीय वीज नियामक आयोगाकडे. लक्ष्य उत्पादनामागे आहे, एकूण टनांवर नाही. म्हणजे आपण खेळलेली शेवटची फेरी. माणशी उत्सर्जन कमी असलेल्या आणि अजून घरे, पूल, रेल्वे बांधायच्या बाकी असलेल्या देशाने एकूण टनांवर एकदम कुलूप लावू नये, हा युक्तिवाद मला योग्य वाटतो. पण कुलूप कधी लागणार याची तारीख जाहीर व्हायला हवी, कारण आज उभा राहिलेला सिमेंटचा कारखाना पुढची तीस-चाळीस वर्षे चालणार आहे आणि देशाने २०७० पर्यंत नक्त शून्याचे, म्हणजे जितका वायू सोडू तितका शोषून घेण्याचे, वचन दिले आहे.

दुसरा प्रश्न असा विचारावा की पहिल्या टप्प्यात वीजनिर्मिती केंद्रे का नाहीत. मुंबईच्या हवामान कृती आराखड्यानुसार २०१९ मध्ये शहराचे उत्सर्जन सुमारे २ कोटी ३४ लाख टन होते आणि त्यातले ७० टक्क्यांहून अधिक ऊर्जेच्या, मुख्यतः विजेच्या वापरातून आले. ज्या बाजारात वीज नाही, त्यात मुंबईच्या उत्सर्जनाचा मोठा भाग नाही. तिसरा प्रश्न लक्ष्यांच्या कडकपणाचा. २०१२ पासूनच्या ऊर्जाबचतीच्या योजनेत पहिल्याच फेरीत उद्योगांनी ठरवलेल्यापेक्षा जास्त बचत दाखवली. हे उद्योगांचे श्रेय की सैल लक्ष्याचा पुरावा, हे गटांना ठरवू द्यावे. चौथा प्रश्न युरोपच्या सीमेवरचा: १ जानेवारी २०२६ पासून पोलाद, सिमेंट, ॲल्युमिनियम यांसारख्या मालावर तिथे कार्बनचा आकार लागू झाला आहे आणि मूळ देशात भरलेली कार्बनची किंमत त्यातून वजा होते. जो पैसा ब्रसेल्सला जाणार, तो इथे जमा करून इथल्या कामगारांसाठी वापरता येईल का, यावर आमच्याकडे सर्वांत चांगली चर्चा झाली आहे.

मतदान घ्यायचे असेल तर हात वर करायला लावू नयेत. प्रत्येकाने चिठ्ठीवर दोन वाक्ये लिहावीत: मी आज कोणत्या बाजूला आहे, आणि कोणता आकडा दिसला तर मी बाजू बदलीन. ‘प्रमाणपत्राचा भाव टनाला अमुक रुपयांच्या खाली राहिला तर’, ‘सिमेंटच्या गोणीमागे उत्सर्जन अमुक टक्के घटले तर’, असे नेमके लिहावे. ज्यात आकडा नाही ती चिठ्ठी परत करावी. सगळ्या चिठ्ठ्या पाकिटात घालून त्यावर तारीख टाकावी आणि भारतीय बाजारातील पहिल्या अनुपालन वर्षाचे हिशोब जाहीर झाले की त्याच माणसांना बोलावून ते पाकीट उघडावे. आमचे पाकीट वाचनालयाच्या कपाटात, लाल ठिपक्यांच्या अठ्ठावीस चिंचोक्यांच्या डबीखाली ठेवलेले आहे.